सल्ला दिला

डोळखांब,
मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४

ती. जनामावशीला माधुरीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मुरबाडला जरा ऊन पडतं म्हणे. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तू पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. बरणी अजून उघडली नाही.

चार दिवस घास घशाखाली उतरत नाही, म्हणून. सांगूनच टाकते. बारकी गेली. मला करटुली आणून द्यायची ना, वरच्या पाड्यावरची, तीच. आठवा महिना होता. गुरुवारी तपासायला आली तेव्हा पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, रक्तदाब एकशेसत्तरच्या वर. तिच्या नवऱ्याला, धाकलूला म्हटलं, ठाण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं. कागदावर लिहिलं, ‘पुढील उपचारासाठी नेण्याचा सल्ला दिला.’ त्याचा अंगठा घेतला. वाक्य तुझंच. मी तुझ्यासारखी नर्स झाले तेव्हा तूच म्हणालीस, "एवढं लिहीत जा, मग आपल्यावर काही येत नाही."

धाकलू तिला घरी ठेवून टोकावड्याला थोरल्या भावाला विचारायला गेला. पाड्यावरची रीत तुला ठाऊक आहे. कोणी सल्ला दिला की चार माणसं बसवून ठरवायचं. भाऊ शुक्रवारी दुपारी आला, तोवर तिला झटके सुरू झाले होते. मग आमच्याच दवाखान्याच्या गाडीतून नेली. मुलगी वाचली. बारकी नाही.

काल तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब चौकशीला आले. कागद बघून म्हणाले, "शाबास, नोंद चोख आहे!" मावशी, शाबास? धाकलू दारातच उभा होता, पोरीला घेऊन. म्हणाला, "ताई, तुमी हुकूम केला असता तर तवाच उचलून नेली असती. तुमी तर सल्ला दिला."

एक गोष्ट लिहायची टाळत होते. गुरुवारी त्याने मला विचारलं होतं, "ताई, न्यायलाच लागल का?" गाडी अंगणातच उभी होती. मी रजिस्टर भरत होते. मान वर न करता म्हटलं, "मी सल्ला दिलाय. आता तुमचं तुम्ही बघा."

‘नाही नेली तर मरेल,’ एवढंच म्हणायला हवं होतं गं.

तू तीस वर्षं हेच वाक्य लिहिलंस. तुझ्या दारात कधीच कोणी येऊन उभं राहिलं नाही? की राहिलं होतं, म्हणून मला ते शिकवलंस? खरं काय ते लिही. सल्ला नको.

तुझीच शिकवलेली,
माधुरी