शनिवारची खुर्ची

अप्पा, तुमची वेताची खुर्ची अजून धड आहे. बूड दोनदा विणून घेतलं, डावा हात जरासा हलतो, पण बसायला मजबूत. मी शिकवते त्या लोणावळ्याच्या शाळेत बोर्डाची खुर्ची कोपऱ्यात सारून मी तुमचीच नेऊन ठेवली आहे. तिच्यावरून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा निदान मधेच बोलून मला अडवणार नाही.

वडगावच्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही भिंतीवरच्या खिळ्याला काहीतरी अडकवायचात. कधी जुन्या कॅलेंडरातलं चित्र, कधी वर्तमानपत्रातली औषधाची जाहिरात. सगळ्या रोगांवर एकच गोळी, असं तिच्यात छापलेलं असायचं. "खरं का? कशावरून?" असं तुम्ही विचारायचात. मागून एखादा म्हणायचा, "मास्तर, मग ह्या चित्रातल्या वैद्यालाच चष्मा कशापायी?" जो वाद घालून तुम्हाला निरुत्तर करील त्यानं घंटा होईपर्यंत तुमच्या खुर्चीत बसायचं आणि तुम्ही खाली, त्याच्या जागी सतरंजीवर. गावात लोक हसायचे, मास्तर पोरांपुढं मांडी घालतो म्हणून. मला हसू यायचं नाही. मला त्या खुर्चीत बसायचं होतं. खुर्ची आपल्याच घरची, सुट्टीत ती घरी आली की मी दिवसभर तिच्यात लोळायची. पण शनिवारचं बसणं निराळं. त्यासाठी तुम्हाला उठावं लागायचं.

वर्गात मुली दोनच. एक मी, मास्तरांची लेक, आणि दुसरी ती, शेजारच्या कान्हे गावच्या शेतकऱ्याची, रुळाच्या कडेकडेनं चालत शाळेला येणारी. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कविता एक धड पाठ नाही. आणि दिवाळीपर्यंत खुर्चीत तीनदा बसून झालेली. शाळा सुटली की रेल्वेच्या फाटकापर्यंत तुम्ही तिच्याबरोबर चालत जायचात, वाद घालत, हातवारे करत. मी मागून चित्राची गुंडाळी घेऊन. तिला मी मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही. तुम्हालाही म्हणत होते.

मग ते बैलगाडीचं चित्र आलं. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही ते आणून ट्रंकेवर ठेवलंत आणि विहिरीवर गेलात. मी उलगडून बघितलं. एका घरासमोर बैलगाडी, गाडीत तरुण बाई, दारात पाठमोरी म्हातारी. खाली ठळक अक्षरात छापलेलं: लेक निघाली सासरला. मी पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं. त्या वेळी माझ्या मनात काही पाप नव्हतं, असं म्हणणार होते. होतं.

दुसऱ्या दिवशी चित्र खिळ्याला लागलं तेव्हा खालची पट्टी तुम्ही मागे दुमडून टाचणी लावलेली. माझं तिकडे लक्षच गेलं नाही. "ही बाई येते आहे की जाते आहे?" तुम्ही विचारलंत आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर.

"सासरी जाते आहे."

"कशावरून?"

"म्हातारी रडते आहे."

"पाठमोरी आहे ती. तिचं तोंड दिसतं का तुला?"

मी गडबडले आणि म्हणून गेले, "पण खाली लिहिलंय ना तसं!"

पोरांना काही कळायला दोन क्षण लागले, मग वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातले डोकावून गेले. तुम्ही हसला नाहीत. "बस," एवढंच म्हणालात. मग ती उठली. "येतीया, मास्तर. म्हातारीच्या एका हातात तांब्या हाय, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. दारात आलेल्यावरनं भाकरतुकडा उतरून टाकत्यात. जाणाऱ्याच्या हातावर दही घालत्यात." तुम्ही टाचणी काढलीत, पट्टी सोडलीत, तिला खालची ओळ वाचायला लावलीत आणि म्हणालात, "आता गं?" तिनं एकदा ओळ बघितली, एकदा चित्र. "मग लिवणारा चुकला." तुम्ही उठलात. केवढे खुशीत उठलात, अप्पा! मी जन्मले तेव्हा तरी तुमचा चेहरा तसा झाला होता का, असं मी आईला विचारणार होते.

त्या दिवशी जेवताना आई पिठलं वाढत होती. मी म्हटलं, छापलेलं खोटं असतं का? "चित्र काढणारा एक, खाली लिहिणारा दुसरा," तुम्ही म्हणालात. "दोघांनाही विचारायचं, कशावरून." मग माझा पडलेला चेहरा बघून म्हणालात, "तुझं पाठांतर मात्र चांगलं आहे हो." तुम्ही समजूत घालत होतात, हे मला आता कळतं. पण आजही कुणी माझ्या पाठांतराची स्तुती केली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. तुम्ही चालत कान्ह्याला गेलात, तिच्या वडिलांना समजावायला. त्यांनी ऐकलं नाही, आणि पुढचे तीन शनिवार खिळा रिकामा राहिला. मला बरं वाटलं. पुढे तुम्ही मला ट्रेनिंग कॉलेजात घातलंत. ते माझ्यासाठी की रिकाम्या राहिलेल्या तिच्या जागेसाठी, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तिथे पहिल्याच पाठाला मी भाकरतुकड्याची गोष्ट सांगितली, माझी म्हणून. बाईंनी शाबासकी दिली. तेव्हापासून ती माझीच आहे.

जूनमध्ये ती आली, लेकीला शाळेत घालायला. नवरा इथेच रेल्वेत आहे. "वळखलं का? मास्तरांची लेक न्हवं तुमी?" म्हणाली आणि खुर्चीच्या हातावरून हात फिरवत राहिली. "हिच्यात बसल्ते मी. पोरींना सांगते तर खरं वाटत न्हाई." मी म्हटलं, बसा. ती म्हणाली, "आता कसं बसायचं? वाद कुटं घातला?"

शनिवारचं चित्र मीही लावते. हल्ली लढाईची चित्रं स्टेशनावर चिकटवतात, त्यांतलं एखादं मागून आणते. पण काल मुद्दाम तुमचं तेच बैलगाडीचं चित्र लावलं, पट्टी दुमडून. तिच्या पोरीनं हात वर केला, "येतीया" म्हणाली, आणि मी आतुरतेनं म्हटलं, "कशावरून?" आईनं सांगितलं, एवढंच तिनं म्हणावं, वर्गानं हसावं आणि तिला मी बस म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती उठून चित्रापाशी गेली. "पल्याडच्या बैलाच्या गळ्याखालची दोरी सुटलीया बाई, लोंबतीया बगा. जायाचं असतं तर बांधली असती." अप्पा, ती दोरी तुम्हाला दिसली नव्हती. तिच्या आईलाही नाही. मी म्हटलं, आत्ता जुंपत असतील, बांधायची राहिली असेल. ती म्हणाली, "मग गाडीवान कुटं हाय? दोरी कोन बांधनार?" चित्रात गाडीवान नाही.

तुमचं सगळं मी चालवलं आहे, खिळा, टाचणी, कशावरून. उठून खुर्ची देणं तेवढं कधीच चालू केलं नाही, आणि कालही घंटा होईपर्यंत तिच्यात बसून राहिले. पुढच्या शनिवारी उठेन, असं इथे लिहिणार होते. पण तुम्ही विचाराल, कशावरून?