दार उघडल्याची नोंद

माय, घराला नवं कुलूप बसवलं. बिनकिल्लीचं. बोट टेकवलं की उघडतं, आणि उघडलं की पुण्यात तुझ्या नातवाच्या मोबाईलवर निरोप जातो. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

पहिल्या पगारातून मी चंद्रपूरहून तुझ्यासाठी पितळी कुलूप आणलं होतं. तू चुलीपुढे बसली होतीस, भात खदखदत होता. कुलूप हातातही न घेता म्हणालीस, "हे लावलं त शेजारीण मीठ कुठून नेईन व?" शेतावर जाताना तू दाराला नुसती बांबूची काठी आडवी लावायचीस, ज्याला हवं तो ती सरकवून आत जायचा, निघताना परत लावायचा. मी दोन दिवस रुसले. कुलूप खुंटीलाच राहिलं. पुढे शेजारीण लेकाकडे गेली, आजूबाजूची घरं रिकामी झाली, तरी फोनवर तुझं एकच, "माणसं येऊन राह्यले ना रोज. तू घोर नको करू." एकदा न सांगता आले, तर फळीवरच्या पाहुण्यांच्या कपांवर धुळीचा थर. मी कप धुतले आणि परत फळीवर मांडले. तेव्हा बोलायला हवं होतं.

तुझे जावई गेल्यापासून मीही इथे एकटीच. पोराला सांगते, कॉलनीतल्या बाया रोज चहाला येतात. कोणी येत नाही, माय. दुकानदाराने तीन कुलपं मांडली आणि एकावर बोट ठेवून म्हणाला, "काकू, याच्यात दार कधी उघडलं ते सारं दिसते पोराले." नुसतं आकड्यांवर उघडणारं घेतलं असतं तर माझं खोटं झाकलेलं राहिलं असतं. तरी हेच घेतलं. निदान त्या निमित्ताने तो दिवसातून एकदा माझ्या दाराकडे बघेल असं वाटलं. इतकी लाचार झालेय मी.

काल दुपारी चारला त्याचा फोन आला. "आई, कोण आलतं?"

"शेजारची बाई. मीठ मांगाले."

"मंग चांगलं आहे," म्हणाला. आवाजावरून खूश वाटला.

तू गेल्यावर ते पितळी कुलूप मी इकडे आणलं, हे पत्र त्याच्याजवळ ठेवून देते. दार मीच उघडलं होतं, माय. थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिले आणि लावून घेतलं.