पातेल्याखालचं आसन सपाट बसेना

दापोडी, पुणे
नोव्हेंबर २००५

श्रीमती सुंदराबाई यांस, विजयमालाचा सप्रेम नमस्कार.

मायना वाचून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. खडकीच्या क्वार्टरमध्ये वीस-बावीस वर्षं मी तुला मधल्या भिंतीवर थाप मारून बोलावलं, पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. त्यामुळे सुरुवात कशी करतात ते मला यांना विचारावं लागलं. यांनी जन्मभर दारूगोळ्याच्या कारखान्यात अर्ज लिहिले. यांच्या मते 'विषय' आणि 'संदर्भ' घातल्याशिवाय पत्राला पत्र म्हणता येत नाही. तर विषय: पातेल्याखालचं आसन. संदर्भ: तू.

इकडे आम्ही खुशाल आहोत. यांचा गुडघा आहे तसाच आहे, माझी साखर आहे तिथंच आहे. तुझी खुशाली कळव असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, नाहीतर ती मला दर रविवारी बंगळूरहून फोनवर तुझ्या रविराजकडून मिळतेच: "आई मजेत आहे." मग तो तुझ्याकडे फोन देतो, तू म्हणतेस, "हाव, मजेत हाये," आणि पुढे गप्प. मजेत असलेली बाई फोनवर इतकी गप्प बसत नाही, सुंदरा, आणि तू तर नाहीच. पण तुझ्याकडे फोन असा लावून ठेवतात की बोलणं अख्ख्या हॉलला ऐकू जातं, आणि माझ्याकडे हे सभ्यपणानं टीव्हीचा आवाज बंद करतात आणि मग सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र. (तुझ्या मुलानं दिलेला मोबाईल तू देवघरात ठेवतेस असं ऐकलं. बरं करतेस. वाजला की देवही उठेल.)

आता विषयाकडे. आमच्या अपेक्षानं आणि जावईबापूंनी वाकडला फ्लॅट घेतला, हे तुला माहीत आहे. सातवा मजला, लिफ्टमध्ये आरसा, स्वयंपाकघरात काळा ओटा, कॉफीच्या रंगाची कपाटं आणि धूर ओढायला चिमणी. (तिथं धूर होईल असं काही शिजेल, ही आशा मी सोडली आहे.) पुढच्या महिन्यात वास्तुशांत. तर तीन आठवड्यांपूर्वी अपेक्षा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, माझा सेट?" मला आधी कळेना. मग कळलं. आपल्या लायनीतल्या ज्या ज्या पोरीनं स्वतःची चूल मांडली, तिला आपण दोघींनी विणून दिलेला क्रोशाचा सेट मिळाला: गरम भांडं धरायची जोडी, पातेल्याखालची आसनं आणि किटलीचं टोपडं. अपेक्षा लग्नानंतर भाड्याच्या तयार घरात राहिली, तिची चूल आता मांडली जातेय. लायनीतली ही शेवटची पोरगी. मी म्हटलं, अगं, मॉलमध्ये मिळतात सुंदर सुंदर. तर म्हणाली, मॉलमधलं नको, तुमच्या दोघींचं पाहिजे. त्यातल्या 'दोघींचं' या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष दिलं नाही. म्हटलं, करते.

जावईबापू तेजस फार उत्साही. त्यांनी ऑफिसातून इंटरनेटवरची पानं छापून आणली, दोन्ही बाजूंनी. त्यात लिहिलंय की आधी दोरा निवडावा, मग दोऱ्याप्रमाणे सुई निवडावी, मग एक नमुन्याचा चौकोन विणावा, तो मोजावा, आणि माप चुकलं तर पुन्हा सुई निवडावी. एवढी निवडानिवड आम्ही अपेक्षासाठी स्थळं बघतानाही केली नव्हती. (तिनं ते स्वतःच बघितलं होतं, ही गोष्ट वेगळी.) आपण सुई कशी निवडायचो, आठवतं का? जी सापडेल ती. आणि दोरा? जो आधीच्या सेटातून उरला असेल तो.

त्यात आपल्या सुयांची चाल उलटी. आपल्या बारक्या लोखंडी सुयांवर आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि त्या पानांत आकडा वाढेल तशी सुई जाड. हे यांना सांगितलं ही माझी चूक. यांनी कपाटातून व्हर्नियर काढला. (निवृत्तीच्या वेळी लोक घड्याळ घेतात. यांनी स्वतःच्या पैशानं नवा व्हर्नियर घेतला होता, काय मोजायला ते मला आजवर कळलं नव्हतं.) माझ्या सगळ्या सुया यांनी ओळीनं मांडल्या, प्रत्येकीची मान मोजली, प्रत्येकीला चिकटपट्टीचं लेबल लावलं. आता सुई हातात धरली की लेबल दोऱ्यात अडकतं. बोलायची सोय नाही.

मग दोरा. त्यासाठी मी शनिवार पेठेत गेले, त्या बापूरावांच्या दुकानात. ते अजून आहेत आणि स्वभावही शाबूत आहे. मी कॉफीच्या रंगाची गुबगुबीत लोकर दाखवून विचारलं, ही केवढ्याला. त्यांनी विचारलं, कशासाठी. म्हटलं, स्वयंपाकघरात वापरायला. तर म्हणाले, "ही बाळाच्या टोपड्याची लोकर आहे. तुमच्या पातेल्याला थंडी वाजते का?" आता याचा अर्थ ही लोकर विस्तवाला चालत नाही असा होता, हे मला घरी येऊन कळलं. दुकानात मला फक्त अपमान कळला. आणि अपमान झाला की मी वस्तू घेते, हे तुला ठाऊक आहे. सहा गुंडे घेतले.

दोन दिवसांत धरायची जोडी तयार. रंग असा सुरेख की दृष्ट लागावी. ती लागलीच. ज्वारीच्या भाकरीचा तवा मी त्या जोडीनं उचलला, आणि सुंदरा, ती लोकर जळलीसुद्धा नाही, ती वितळली. तव्याला चिकटली, ओढली की तारा निघाल्या, पाकाच्या निघतात तशा. ती लोकर नव्हतीच, प्लास्टिकची बहीण होती. घरभर असा वास सुटला की समोरच्या फ्लॅटमधली नवी मुलगी दार उघडून इंग्रजीत विचारून गेली. यांनी पानातली भाकरी एकदा पाहिली, खाली चॉकलेटी वर्तुळ होतं, ती शांतपणे उलटी केली आणि जेवायला लागले. असल्या वेळी नवरा ओरडला तर बरं वाटतं. तू असतीस तर हसून हसून आपल्या दारातल्या ओट्यावरून खाली पडली असतीस.

मग मुकाट्यानं सुती दोरा आणला. (दुसऱ्या दुकानातून. बापूरावांना मी तोंड दाखवणार नाही.) जाड, पांढरा, विस्तवाला न भिणारा. एका मोठ्या पातेल्याचं आसन घातलं. मधल्या साखळीच्या कड्यात खांबाचे टाके, पुढच्या ओळीत दुप्पट, नेहमीसारखं. चार ओळींनंतर पाहते तर कडा वर उठलेल्या. आसन नव्हे, वाटी झाली. म्हटलं, सुई बारीक झाली असेल. एक लेबल वरची घेतली. पुन्हा वाटी, जरा पसरट. आणखी जाड घेतली तर वाटी राहिली आणि वर भोकं पडली, त्या भोकातून कुकरच्या झाकणानं माझं बोट भाजलं. हे रोज संध्याकाळी स्टीलची पट्टी आडवी ठेवून तपासतात, डोळा बारीक करून म्हणतात, "मध्ये उजेड दिसतो. आमच्या खात्यात हा माल नापास झाला असता." मी म्हटलं, तुमच्या खात्यातल्या मालानं माणसं मरतात, माझ्यानं पातेलं ठेवायचंय. आता घरात वाट्याच वाट्या आहेत. एकीत यांचे शेंगदाणे, एकीत चष्मा.

दरम्यान अपेक्षानं कॉम्प्युटरवर तुझ्या नातीच्या वाढदिवसाचे फोटो दाखवले, तुझ्या सुनेनं, नम्रतानं पाठवलेले. सगळे केक बघत होते. मी मागचं टेबल बघितलं. तिथं तू विणलेलं आसन होतं, त्यावर सरबताचा जग. खोटं नाही सांगत, त्या आसनाला इतक्या झालरी पडल्या होत्या की मला आधी वाटलं नातीचा फ्रॉक वाळत घातलाय. जग कलला होता. मी खूप हसले. मग घरी येऊन भाजी निवडायला बसले आणि हसू येईना.

कारण तेव्हा मला समजलं, आणि ते त्या छापील पानांत कुठंच नाही. माझा हात घट्ट, तुझा हात सैल. आपल्या दोन दारांमधल्या त्या ओट्यावर एक ओळ मी घालायची, तेवढ्यात तुझी डाळ उतरायची, मग मी कणीक मळायला उठायची आणि पुढची ओळ तू घालायचीस. माझी ओळ कड वर ओढायची, तुझी तिला खाली सोडायची. तू म्हणायचीस, "अवं विजूबाई, हात हाये का सांडशी? दोऱ्याचा जीव चालला." मी म्हणायची, भंडाऱ्याहून बदली होऊन आलात, तिकडे दोरा मोजायची पद्धत नाही का. आणि आसन मात्र असं सपाट बसायचं की पाण्यानं भरलेलं पातेलं हलायचं नाही. आपण दोघींनी कधी एक अख्खं आसन एकटीनं विणलंच नाही, सुंदरा. त्यामुळे आपल्यापैकी एकीलाही ते येत नाही, हे आपल्याला आजवर कळलं नाही.

यांना हे सांगितलं. तर हे म्हणाले, "मी एक ओळ घालून बघू का?" त्यांना शिकवलं. त्यांनी एक ओळ घातली, व्हर्नियरनं मोजून, प्रत्येक खांब सारखा. ती ओळ माझ्याहूनही घट्ट आहे. पण माणूस बसला शेजारी, हे मी विसरणार नाही.

परवा बँकेच्या कामाला खडकीला गेले होते. पाय आपोआप लायनीकडे वळले. आपल्या क्वार्टरमध्ये नवी कुटुंबं आलीत, चांगली आहेत, मला पाणी विचारलं. ओटा आहे. त्यावर मोटरसायकल लावतात. मी उभी राहिले आणि मला उगाच वाटलं की आता तू आतून चहाचं भांडं घेऊन येशील, आणि म्हणशील, दे इकडे, आता माझी ओळ. भाऊजी गेले तेव्हा तू रविराजकडे जाणार हे ठरलेलंच होतं, आणि मीच म्हटलं होतं, जा, मुलाकडे राहावं. शहाणपणा आहेच तो. पण मला इथं करमत नाही. या सोसायटीत भिंती इतक्या चांगल्या आहेत की थाप मारली तरी पलीकडे ऐकू जात नाही. मी मारून बघितली.

असो. लांबलं पत्र. तुझी अडचण मला माहीत आहे. नात लहान, सून रात्री अमेरिकेशी बोलते आणि दिवसा झोपते, तू घर सोडू शकत नाहीस. तेव्हा वास्तुशांतीला ओढाताण करून येऊ नकोस, तिथूनच अपेक्षाला आशीर्वाद दे. नातीला गोड पापा, रविराज-नम्रताला आशीर्वाद. आपली तब्येत सांभाळावी, बंगळूरच्या पावसात कान बांधावेत.

तुझी,
विजयमाला

ता. क. हे पत्र तेजसचा एक मित्र हातोहात आणून देईल. सोबत पुडकं आहे. त्यात मोठ्या पातेल्याचं आसन आहे, अर्धवट. मी माझी ओळ घातली आहे. यांची उसवली. (यांना सांगू नकोस.) पुढची तुझी. सुईचं लेबल मी काढलंय, आकड्याकडे बघू नकोस, हाताला येईल तशी घाल. सैल होऊ दे.

ता. क. 'ओढाताण करून येऊ नकोस' असं वर लिहिलंय, ते पत्राच्या रीतीनं लिहिलंय. ते वाचायचं नाही.

ता. क. नम्रताला मी मंगळवारी फोन केला होता, तू देवळात गेली होतीस तेव्हा. ती म्हणाली, "काकू, मी माझ्या आईला आठवडाभर बोलावून घेते, पण सासूबाईच कुठं जायचं म्हणत नाहीत." पोरगी चांगली आहे, आपण उगाच बोलायचो. तेव्हा सुनेचं कारण सांगू नकोस, ते संपलंय.

ता. क. तुझी ओळ झाली की आसन कुरियरनं पाठवू नकोस. पुढची माझी आहे, त्याच्या पुढची पुन्हा तुझी. दोरा तोडू नकोस, गाठ मारू नकोस, गुंड्यासकट घेऊन ये.