मागावरचा अर्धा शेला

मी, खाली सही करणारा, विणकराचा एकुलता एक मुलगा, घरात आणि गल्लीत ज्याला सगळे धोटा म्हणतात तो, धंदा दगड कापायचा, सध्या मुक्काम कामगार दवाखाना, छातीचा वॉर्ड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही, पण शेजारच्या खाटेवरचे कारकूनकाका म्हणतात, कायद्याला छाती लागत नाही. त्यांची सगळी उमर कोर्टात गेली. या कागदातले कायद्याचे शब्द त्यांचे, बाकी सगळं माझं. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. नशापाणी केलेलं नाही, कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण तसं वयच नव्हतं.

धोटा म्हणजे काय ते कारकूनकाकांना सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहितो. मागावर ताण्याचे उभे धागे ताणलेले असतात. त्यातून आडवा धागा घेऊन जे लाकूड इकडून तिकडे पळतं, तो धोटा. मी एका जागी बसत नसे म्हणून आबांनी, म्हणजे वडिलांनी, हे नाव ठेवलं. घर सोडून निघालो तेव्हा माझे सख्खे काका, आबांचे धाकटे भाऊ, दारात उभे राहून म्हणाले होते, "धोटा निदान परत येतो." काका, तुमचं म्हणणं खरं झालं. आता जीव थंड झाला असेल.

(कारकूनकाका म्हणतात, मृत्युपत्रात टोमणे चालत नाहीत. मी म्हटलं, माझी इस्टेटच ती आहे.)

कलम एक. माझे बूट आणि मोबाइल खोलीतल्या जोडीदाराला द्यावेत. बूट त्याला मोठे होतील, त्याने पुढे कापूस कोंबावा. बँकेत असेल नसेल ते ताईचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं.

कलम दोन. माझा तोंडावर बांधायचा मास्क मुकादमाला द्यावा. धुऊ नये. पहिल्या आठवड्यात मी तो बांधून कामावर आलो तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काय रे, नवरी आहेस का पदर घ्यायला?" सगळे हसले, मीही हसलो, आणि मास्क खिशात घातला. तो अजून खिशातच आहे, कोरा करकरीत. त्याने बांधून बघावा. मला त्याचा राग नाही असं लिहा, असं कारकूनकाका सुचवतात. लिहिणार नाही.

कलम तीन. आता मुख्य. घराची आमची बाजू, म्हणजे रस्त्याकडची खोली, स्वयंपाकघर आणि मागाची खोली, आबांनी मरताना चार माणसांसमोर माझ्या नावे केली. मागसुद्धा. हे सगळं मी माझ्या ताईला देतो. अट काही नाही. काकांनी मागाच्या खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवली आहे, ती त्यांनी तिच्या हातात द्यावी.

आता का, ते सांगतो.

आमच्या घराचा काठ वेगळा. बारीक पावलं उमटावीत तशी नक्षी, तिला पायवाट म्हणतात. गल्लीत प्रत्येक विणकराचा काठ ठरलेला, त्यामुळे वाळत घातलेल्या कापडावरून घर ओळखू यायचं. बाळ जन्मलं की त्या काठाचं दुपटं, लग्नाला त्या काठाचा शेला, आणि शेवटी अंगावर तेच. मुलींना मात्र मागावर बसवत नाहीत. लेक दुसऱ्या घरी जाणार, काठ बरोबर घेऊन जाईल, ही भीती. मुलींनी कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं, आणि पुरुषांच्या हाताशी द्यायचं. ताई लहानपणापासून कांड्या भरायची.

मग आबांचे हात थरथरू लागले. गल्लीला ते कळलं नाही. आबांनी मागाच्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वाऱ्याने ताणा सुकतो, धागे तुटतात."

एका दुपारी मी कुठूनतरी उंडारून आलो, तर ठोक्याचा आवाज वेगळा. प्रत्येक धागा फणीने ठोकून बसवायचा असतो. आबांचा ठोका एक आणि जड. हा ठक-ठक, दोन हलके. मी दार ढकललं. मागावर ताई बसली होती. आणि आबा खाली पोत्यावर बसून तिच्यासाठी कांड्या भरत होते.

मी तिथेच उभा राहिलो. आबांनी मान वर केली आणि एवढंच म्हणाले, "उभा काय राहिलास? बहिणीला पाणी दे."

मी पाणी दिलं. त्यावर पुन्हा कधी कोणी बोललं नाही. कापड आबांच्या नावाने काका बाजारात न्यायचे.

मी निघालो तेव्हा आबांनी मला चादर दिली. काकांनी ती चार लोकांत उलगडली, मधोमध हात फिरवला आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात हात! दादानंतर असं कापड होणे नाही." ती चादर माझ्याजवळ आहे. उजेडाला धरली की वरून वीतभर खाली एक आडवी रेघ दिसते. विणणारा हात बदलला की ती उमटतेच, ती लपवता येत नाही. वरची वीतभर आबांची. तिथे त्यांचे हात थांबले. खालची सगळी ताईची. काका, तुम्ही हात फिरवलात तो रेघेच्या खाली.

आबांना तिच्या हाताचा अभिमान होता, पण दार उघडायची छाती झाली नाही. माणूस जिवापाड चांगला, पण गल्लीला भ्यायचा. हे मी त्यांच्यामागे लिहितोय, त्यांनी माफ करावं.

आबा गेले तेव्हा मागावर शेला अर्धा झाला होता. माझ्या लग्नाचा. मुलगी कोण, कुठली, कशाचा पत्ता नव्हता, पण ताईने हट्टाने घेतला. पहिल्या धाग्यापासून तिचा. आता घोळ बघा. गल्लीच्या हिशेबी तो मेलेल्या माणसाचा शेला. आमच्यात मेलेल्याचं अर्धं कापड दुसऱ्याने पुरं करायचं नसतं. आणि बंद खोलीतून ठोका ऐकू आला तर कोणाचा म्हणून सांगणार? जोवर आबा होते तोवर तिला त्यांच्या नावाआड विणता येत होतं. ते गेले आणि तिच्याच कापडाला हात लावायची तिला चोरी झाली.

काका आता तो माग अर्ध्या शेल्यासकट एका हॉटेलच्या दिवाणखान्यात ठेवायला देणार आहेत. शेवटच्या विणकराचं शेवटचं कापड म्हणून. ताई फोनवर म्हणाली, "नेऊ दे. मी काय, कांड्या भरणारी." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ताण सैल करून ठेवलाय मी. कशाला, कोण जाणे."

कशाला ते मला माहीत आहे. ताण तसाच ठेवला तर थांबल्या जागी खूण पडते. सैल तोच करतो ज्याला पुन्हा बसायचं असतं.

कलम चार. मी स्पष्ट लिहून देतो की तो शेला आबांचा नाही, माझ्या ताईचा आहे, आणि ती जिवंत आहे. पण गल्लीचं तोंड कागदाने बंद होत नाही, ते कापडानेच होतं. म्हणून चादर आणि हा कागद आमच्या खानावळीचा आचारी उद्या गावी जाताना घेऊन जाईल. त्याने काकांना आणि शेजाऱ्यांना बोलवावं, मागाच्या खोलीचं दार सताड उघडावं, आणि ताईला म्हणावं, "धोट्याने निरोप दिलाय, ताण आवळ आणि विण." वीतभर विणून झालं की सगळ्यांनी शेला उजेडाला धरावा. हात बदलला असेल तर रेघ दिसेल. नसेल, तर काय ते समजून घ्यावं.

चादर जाऊ नये असं नर्सबाईंचं म्हणणं होतं, कारण दवाखान्याची घोंगडी बोचते. पण मी गेल्यावर इथे अंथरूण-पांघरूण जाळतात. ती रेघ जळता कामा नये. मला पांघरायला घोंगडी चालेल.

कलम पाच, शेवटचं, आणि हे फक्त आचाऱ्यासाठी. तू पोचेपर्यंत माझं काही कमीजास्त झालं आणि तुला फोन आला, तर तो गप्प ऐकून घे. ताई पहिलं हेच विचारणार, "कसा आहे तो?" तू म्हणायचं, "बरा आहे, तुझी वाट बघतोय, बस मागावर." आचारी म्हणाला, "मला खोटं जमत नाही." मी म्हटलं, आमटीत मीठ विसरून 'झकास झालीय' म्हणतोस ते? मग हसला, आणि तोंड फिरवून बसला. म्हणजे कबूल.

वीतभर होऊ दे. कापड सगळ्यांनी बघू दे. मग तिला सांग. आधी सांगितलंस तर तिचा हात थरथरेल, आणि रेघ उमटेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, समजला, बरोबर आहे. सही करतो.

धोटा

आमच्यासमोर सही केली:
१. कारकून, शेजारची खाट (अनावश्यक मजकूर गाळावा असं सुचवलं होतं. आता गाळू नये.)
२. आचारी, कामगार खानावळ (पहिलं आणि शेवटचं खोटं बोलेन.)

ठिकाण: कामगार दवाखाना, छातीचा वॉर्ड, खिडकीकडची खाट
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२३, मंगळवार