फेफरं नव्हतं, बीपी होतं

मी, सौ. अंबाबाई हौशीराम फुलसुंदर, वय ४१, धंदा शेती व शिवणकाम, राहणार ओझरजवळ, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. हृदय नाही, ते निम्म्या जोरानेच चालतं, असा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचा कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालतं का, हे वकिलांना आधी विचारून घेतलं. चालतं म्हणाले.

१. घोडेगावच्या पुढे भीमाशंकर रस्त्याला लागून दहा गुंठे जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. तिथे माझे पती हौशीराम यांना भाविकांसाठी हॉटेल काढायचं आहे. पाटीसुद्धा रंगवून आणली आहे. पाटी त्यांची, त्यांनी ठेवावी. जागा माझ्या मुलीची, वृषालीची. तिथली मूठभर मातीही हौशीराम यांना मिळू नये. कारण कलम चारमध्ये आहे.

२. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या जुन्नरच्या ताजबी यांना द्याव्यात. आमच्याकडे बांगड्या भरायला त्याच येत. लग्नात माझा हिरवा चुडा त्यांनीच भरला, माप सव्वादोन. १९८६ साली माझ्या डोहाळजेवणाला त्या पुन्हा आल्या, तेव्हा अडीचची बांगडीही चढेना. त्यांनी मनगटावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरून येईना. माझ्या सासूबाई प्रयागबाई यांना त्या म्हणाल्या, "काकी, गर्भार बायांचे लई हात धरले मी. ह्यो हात बरोबर न्हाई. आजच दवाखान्यात न्या हिला."

सासूबाई म्हणाल्या, "तू आपल्या बांगड्या भर. सून अंगानं भरलीय, ते बघवंना व्हय तुला?"

साबण लावून बांगड्या कोंबल्या. बायका हसल्या, मीही हसले. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि मी पाटावर बसून ओटी भरून घेतली. त्या दिवशी त्या मांडवात माझी काळजी एकट्या ताजबींना होती.

३. डोहाळजेवणानंतर नवव्या दिवशी सकाळी मला झटके आले. सासूबाईंनी बाहेरची बाधा ठरवली. लिंबू उतरवलं, अंगारा लावला, आणि दातखीळ उघडायला तुपाचा पितळी चमचा तोंडात घातला. त्यात माझे पुढचे दोन दात गेले. दवाखान्यात पोचले ती संध्याकाळी. तो चमचा माझ्या माहेरच्या भांड्यांतला, म्हणजे माझं स्त्रीधन आहे. अजून घरात त्यानेच तूप वाढतात. तो मी सासूबाईंना देते. त्या आहेत तोवर त्यांच्या ताटात रोज त्यानेच वाढावं. बाकी भांड्यांना त्यांनी हात लावू नये.

४. वृषाली सव्वा किलोची झाली, पण जगली. मीही जगले. घरी सोडताना डॉक्टरांनी हौशीराम यांच्या हातात कागद दिला. घरी येऊन हौशीराम यांनी सगळ्यांना सांगितलं की हिला फेफरं आहे, माहेराहूनच घेऊन आली. माझ्या वडिलांनी आमच्याच अंगणात हात जोडले, आणि पोरीला टाकू नका म्हणून ती दहा गुंठे जागा दिली. तेवढं बरं की माझ्या नावावर केली.

एकवीस वर्षं मी फेफऱ्याची बाई म्हणून नांदले. बीपी कोणी मोजलं नाही. धाप लागली तर पित्त म्हणाले, छाती भरून आली तर काम टाळते म्हणाले. गेल्या वर्षी पुण्याला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गरोदरपणात बीपी वाढून झटके आले होते का? ज्यांना येतात त्यांच्या हृदयाला पुढे धोका जास्त असतो, म्हणून जन्मभर तपासायचं असतं, आणि मुलीलाही तिच्या गरोदरपणात जपायचं असतं.  येताना एसटीत हौशीराम बोलले, "कागदावर लिवलं व्हतं त्ये. पेशंट उशिरा आणला, आसं बी लिवलं व्हतं. म्या जाळला. आईला बोल लागला आसता."

म्हणून माझ्या चितेला अग्नी हौशीराम यांनी देऊ नये. त्यांना जाळायचं होतं ते त्यांनी जाळलेलं आहे. अग्नी वृषाली देईल.

५. वृषाली ओतूरला नांदते, तिला सातवा महिना आहे. आठ दिवसांपूर्वी आली ती नवऱ्याच्या चपला घालून, स्वतःच्या पायात जात नाहीत म्हणून. चेहरा सुजलेला. सासूबाईंनी दृष्ट काढली, "माजी नात बी कशी भरलीय!" मी तिला सगळं सांगितलं. तिने माझे हात धरले, "आई, फेफऱ्याचा विषय तिकडं काढू नकोस. मला नांदायचंय." तिकडच्या सासूच्या भीतीने ती बीपी मोजून घेत नाही. मला माझ्या मरणाची भीती नाही, तिच्या मरणाची आहे.

उद्या आमच्या दारात तिचं डोहाळजेवण आहे. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडायचं नाही. वकील सावळेराम यांनी ते उद्या, ओटी भरण्याआधी, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर पहिल्या अक्षरापासून वाचावं. हौशीराम यांनी मध्ये बोलू नये. बोलले तर इथे न लिहिलेलं मी तोंडी सांगेन. वाचून होताच नारायणगावच्या डॉ. श्रेया यांनी वृषालीचं बीपी पाटावरच मोजावं आणि तो आकडा हौशीराम यांनी मोठ्याने वाचावा. जास्त निघाला तर माझा भाऊ सोमाजी जीप घेऊन दारात उभा आहे. ओटी दवाखान्यातही भरता येते.

मेलेल्या बाईचं मृत्युपत्र ऐकून लोक उठून जातात. मी समोर बसलेली असेन, आणि तो आकडा कानांनी ऐकल्याशिवाय एकाही पानावर वाढू देणार नाही.

सही : अंबाबाई हौशीराम फुलसुंदर

साक्षीदार :
१. डॉ. श्रेया वाणी, नारायणगाव (लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत, मी स्वतः तपासलं आहे.)
२. सोमाजी दगडू काळे, घोडेगाव, तालुका आंबेगाव

ठिकाण : जुन्नर
तारीख : १६ फेब्रुवारी २००८, शनिवार