इलोइलो महाग करण्याचे दिवस

४ मार्च
मनिलाच्या मुख्य ऑफिसातून मॅडम ऑरेलियांचा फोन. "तुमच्याकडे जगणं स्वस्त, म्हणून पगार कमी. तरी कुरकुर चालूच असते, तर प्रत्येक शाखेने आपल्या शहरातले भाव पाठवा. खोली, जेवण, प्रवास, केस कापणं. मग बघू." हे भाव गोळा करायचं काम माझ्या गळ्यात.
विम्याचे तेच अर्ज तिकडे कार्मी तपासते, इकडे मी. तिला अठ्ठावीस हजार पेसो, मला अठरा. का? तर मी इलोइलोत राहते. जणू आम्ही झाडाखाली झोपतो आणि समुद्रात हात घालून मासे काढतो.

५ मार्च
कार्मीशी बोलले. चौघींत एक खोली, तिच्या वाट्याचेच सात हजार. उजाडायच्या आत बाहेर पडते, बसमध्ये उभ्या उभ्या झोपते. महिनाअखेरीस तिच्या हातात उरतं माझ्याइतकंच, कदाचित थोडं कमीच.
"तू दुपारी घरी जाऊन जेवतेस?" तिने असं विचारलं की मला लाज वाटली.
म्हणजे मॅडम बरोबर बोलतायत. त्याचाच तर राग येतो.

७ मार्च
खरे भाव लिहून ऑफिसात वाचून दाखवले. कोपऱ्यावर बातचॉयचा, म्हणजे आमच्या इथल्या शेवया-रश्श्याचा, वाडगा सत्तर पेसो, रस्सा पुन्हा मागितला तर फुकट. मावशीच्या वरच्या मजल्यावरची खोली अडीच हजार.
आमचे साहेब, पण सगळ्यांचे मानोंग म्हणजे दादा, रुबेन म्हणाले, "हे पाठवलंस तर आहे त्यातलेही कापतील."
मग मानांग देल्मा बोलली — ऑफिसातली सगळ्यांत थोरली, म्हणून सगळ्यांची मानांग म्हणजे ताई, आणि सगळ्यांत वाईट सल्ले देणारी. "खोटं कशाला लिहायचं? खरंच लिही. फक्त महागड्या ठिकाणी जाऊन लिही."

९ मार्च
वर्गणी काढून मी आणि मानांग देल्मा दिवसभर श्रीमंत झालो.
हॉटेलातलं बातचॉय — चारशे वीस. शेवया मोजता आल्या असत्या. मानांगने रस्सा पुन्हा मागितला, तर वेटरने त्याचेही पैसे लावले! आम्ही खुशीत एकमेकींना टाळी दिली.
केस कापायला मॉलमधलं सलोन. मानांगने डोकं पुढे केलं. अठराशे.
"कशी दिसते गं?"
"महाग," मी म्हटलं.
मग पोहण्याचा तलाव असलेल्या इमारतीतला रिकामा फ्लॅट. भाडं ऐकून मी दाराकडे वळले, मानांग मात्र स्वयंपाकघर बघायला गेली. दाखवणाऱ्या मुलाने अदबीने विचारलं, "मॅडम, मिस्टर काय करतात?"
"वारले. बरंच ठेवून गेले."
तिचा नवरा त्या वेळी खाली मोटरसायकलवर आमची वाट बघत होता.

१० मार्च
पाठवलं. एक आकडा खोटा नाही, मिळाल्या तेवढ्या पावत्याही जोडल्या. एकटी फ्लोरडेलिझ, नवीन लागलेली, म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही." तिला कोण विचारतंय.

१४ मार्च
मॅडमचा फोन.
"बातचॉय चारशे वीस?"
"हो, मॅडम."
"त्यात घालता काय?"
"शेवया, मांस, काळीज, वर कुरकुरीत चामडी."
"इथेही तेच घालतात."
"इथलं अस्सल आहे, मॅडम."
फोन ठेवला तेव्हा मानोंग रुबेन टेबलावर डोकं टेकून हसत होते. साहेब माणूस!

२१ मार्च
अजून काही कळलं नाही. मानोंग रुबेननी हप्त्यावर फ्रिज घेतला. मानांग देल्माने मुलीला नर्सिंगला घालायचं ठरवलंय — वाढ आली की. मुलगी मैत्रिणीचा गणवेश आणून आरशासमोर उभी होती म्हणे.

२ एप्रिल
उद्या मॅडम स्वतः येणार! वाईट बातमी द्यायला कोण विमानाचं तिकीट काढतं? वाढच असणार. केक सांगितला, साध्या बेकरीतूनच. पावती लागणार नाही आता.

३ एप्रिल
भाव मागवले ते पगारासाठी नव्हतेच. मनिलाचं ऑफिस परवडत नाही, म्हणून सगळं काम सर्वांत स्वस्त शहरात न्यायचं होतं. समोरच्या बेटावरचं बाकोलोद ठरलं. तिथल्या मुलीने आईच्या हातच्या जेवणाचा खर्च लिहिला होता. आमचं इलोइलो मनिलाहूनही महाग निघालं, म्हणून जूनमध्ये आम्हीही बंद. हवं त्याने बाकोलोदला यावं. पगार तिथला.
मॅडम केक खाऊन गेल्या. मग मानांग देल्माने मला विचारलं, "बाकोलोदच्या बोटीचं भाडं किती गं? खरं सांग."