आईनं परातीत धुतलेला फोटो

अण्णा,

तुमचा फोटो मी घरी छापला. कोल्हापूरच्या लॅबला पाठवला नाही, आपल्याच माजघरात, कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरवर छापला. तुम्हाला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात. बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमधून असला पहिला प्रिंट मी उड्या मारत तुमच्या स्टुडिओत आणला होता. तो उजेडाकडे धरून तुम्ही म्हणालात, "हा फोटो नव्हे, ही शिंपडलेली शाई. डार्करूममध्ये उभं राहायला पाय लागतात, तुझे कुठे ठरतायत?" बाकावरची गिऱ्हाइकं हसली. मी दुसऱ्या दिवशी दापोलीची एसटी धरली. मग लांज्याला काजूच्या कारखान्यात, मग मुंबईला, आणि आता परत घरी. तुम्ही गेलात तेव्हा मी लांज्याला होतो. तिथल्या मुकादमाची एक मजा सांगण्यासारखी आहे, पण राहू दे, विषय फोटोचा आहे.

अख्ख्या रत्नागिरीची लग्नं तुम्ही टिपलीत आणि घरात तुमचाच एकही फोटो नव्हता. दर तिथीला आई हार घालायची तो तुमच्या कॅमेऱ्याला. नातेवाईक गालात हसायचे. यंदा ती म्हणाली, "माणूस गेला की कॅमेरा, कुणास ठाऊक. मला तोंड बघायचंय." म्हणून मी तुमची जुनी पाकिटं उपसली. एका लग्नाची निगेटिव्ह सापडली, बहुतेक तुमच्या मदतनिसानं काढलेली. नवऱ्यामुलाची हनुवटी खाली करताना तुम्ही कडेला आहात. स्कॅन करून नवरा कापला, तुम्हाला ठेवलं.

पहिला कागद उलट्या बाजूनं घातला, शाई सुकेचना. दुसऱ्यात तुम्ही हिरवट आलात. मग रंगीत शाई बंद करून नुसत्या काळ्यावर छापायचं ठरवलं. आपल्या हवेनं कागद सादळलेला, म्हणून कागदांचं पाकीट तांदळाच्या डब्यात पुरलं, त्यावरून आईची बोलणी खाल्ली. तिसरा मात्र झकास आला. तो टेबलावर सुकत ठेवला आणि, मित्राची मोटरसायकल दारात उभी होती म्हणून, आरे-वारेच्या समुद्रावर चक्कर मारून आलो.

परत येतो तर आई मागच्या पडवीत परातीवर वाकलेली.

"हे काय करतेस?"

"धुतेय. तुझे अण्णा न धुता देत होते काय फोटो? हायपोचं औषध कागदात राहिलं तर पिवळा पडेल."

"याला हायपो नसतो गो! याला पाण्याचा थेंब चालत नाही."

"मग सांगायचंस ना मेल्या. भटकायला बरा वेळ होता."

परातीतलं पाणी करडं झालेलं. कागदावर चष्म्याची एक काडी तेवढी उरली होती. आईनं हात पाण्यातून काढले नाहीत. "दुसऱ्यांदा गेले," ती म्हणाली.

तेव्हा मला राग आला, आणि तो तुमचा. स्टुडिओतले सगळे फोटो ती नळाखाली धुवायची, बोटांना चिरा पडेपर्यंत. डार्करूममध्ये मात्र तुम्ही तिला कधी उभं केलं नाहीत. उजेड येतो, दार उघडू नको, म्हणायचात. तिला हाती मिळायचे ते तयार चेहरे. मी तिचे हात पुसले, तिला प्रिंटरशेजारी स्टुलावर बसवलं आणि बटण दाबलं. खरखर करत कागद सरकू लागला. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. ती पुढे झुकते, हनुवटीला हात लावते, आणि चष्मा येतो तेव्हा हळूच म्हणते, "आले गो बाई." आयुष्यभर तुमचे फोटो धुणाऱ्या बाईनं त्या दिवशी पहिल्यांदा फोटो उमटताना पाहिला, अण्णा. शिंपडलेली शाई म्हणा हवं तर. दार सताड उघडं होतं, ऊन आत आलेलं होतं, आणि काही बिघडलं नाही.

आता तुम्ही भिंतीवर आहात, काचेमागे. कॅमेऱ्याचा हार सुटला. पुन्हा छापावा लागला तर पुन्हा छापीन, तिला शेजारी बसवून.

हे तुम्हाला पोचणार असतं तर पुढचं लिहिलं नसतं. तुमचा डावा गाल जरा काळा आलाय. आईला सांगितलं, मांडवातला उजेडच तसा होता, मुद्दाम ठेवलाय. खरं म्हणजे तो उजळायला मला अजून जमत नाही.